देवमाशावर पडलेले बॉम्ब

प्रिय शिखा,

या पत्राचा खरा खर्च असा: पाच रुपयांचं पाकीट, दोन दुपारी दुकान बंद आणि तुझ्या आईपुढे एक कबुली. कबुलीच महाग पडली.

बाकी दुकान ठीक. परवा मल्हाररावांच्या बोअरला पाणी कमी येत होतं. पाइपाला पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली आणि तीनशे फूट खाली पंपाचं बेअरिंग गेलंय, हे उभ्या उभ्या सांगितलं. आपल्या अख्ख्या लष्कर भागात असा कान नाही, हे तू लहानपणापासून ऐकत आलीस.

गेल्या दिवाळीत तू सांगितलेलं डोक्यात घोळतंय. दुसऱ्या महायुद्धात शास्त्रज्ञांची यंत्रं पाण्यात आवाज सोडायची. पाणबुडीवर आपटून तो परतला की तिचा ठाव लागायचा. पण देवमाशावरूनही तो परतायचा, आणि ऐकणारा उतावळा असला की बॉम्ब त्या बिचाऱ्यावर. ऐकणाऱ्याला आधी ‘कळलं नाही’ म्हणता आलं पाहिजे, असं तू म्हणालीस. मी हसलो. दुकानात तसं म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारी जातं.

परवाच आईने मला पलीकडे कंपू भागात कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या मुलीने बंद खोलीत बसवून हातात बटण दिलं, आवाज आला की दाबायचं. मी धंद्यातला माणूस. ठेका धरला आणि दाबत राहिलो. ती हळूच म्हणाली, “अंकल, अभी तो मैंने कुछ बजाया ही नहीं.”

परतताना आईने टेम्पोत जवळजवळ ओरडूनच विचारलं, दसऱ्याला शिखा फोनवर काय म्हणाली ते तुम्हाला कळलं होतं ना? मी म्हटलं, पगार वाढला असेल. तेव्हा तिने सांगितलं. तुझ्या पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राची समुद्रातली चाचणी दुसऱ्यांदा फसली, प्रयोगशाळा सोडून घरी यावं का, असं तू विचारत होतीस. आणि मी म्हणालो, “छान, छान.”

तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस. बाबांना हेच हवं होतं, असं तुला वाटलं असणार. पोरी, मला एक शब्दही ऐकू आला नव्हता. फोनवर अजूनही येणार नाही, म्हणून हे पत्र. माझ्या ‘छान’वर राजीनामा देऊ नकोस. दिवाळीला ये, समोर बसून पुन्हा विचार. कळलं नाही तर तसं सांगेन.

तुझाच,
बाबा

ता. क. मल्हाररावांचा पंप काल वर काढला. बेअरिंग शाबूत होतं. पाइपाला भोक पडलं होतं.