नऊ मिनिटांची पाठ

कोरेगावच्या अंगाला, पाटलांच्या मळ्यातला तळ
९ डिसेंबर २०२४

चि. शिवांजली हिला आप्पाचा आशीर्वाद.

आमी हितं खुशाल हाय. तू खुशाल हायस हे मला दर आईतवारी कळतंय. कसं कळतंय ते फुडं लिवतो.

अक्षर बघून हसू नको. सातवीनंतर हातात काठीच आली, पेन काय नीट वळत न्हाई. तुझ्या आईला म्हणलं, तू लिव माझ्या वतीनं. तर म्हणली, "दोन वर्सं तोंड तुमी शिवून घेतलंय, टाकं बी तुमीच उसवा." आन भाकरी थापायला बसली. बाई तुझ्यावानीच बोलती. का तू तिच्यावानी, देव जाणं.

औंदा दिवाळी झाल्यावर आटपाडीहून निघालो. खांडात एकशेवीस मेंढरं हायती. सध्या पाटलांनी रानाच्या खतासाठी बसवलीत. अकरा कोकरं झाली, अकराच्या अकरा जित्ती. थंडी लय हाय, घोंगडं पुरत न्हाई. मनुबाई आत्तीचा गुडघा दुखतोय, पण चालायला सगळ्यांच्या फुडं तीच.

आता खरं सांगतो. तुझं ते पॉडकास्ट, 'मागली रांग', मी ऐकतो. एक-दोन न्हाई, बेचाळीसच्या बेचाळीस भाग ऐकलेत. आटपाडीच्या बाजारात कानात घालायची वायर घेतली, मोबाईल अंगरख्याच्या खिशात, आन मेंढरांमागं चालत चालत ऐकतो. तुझ्या आईला सांगितलं हुतं, कीर्तन ऐकतोय म्हणून. एक दिवस तू आन तुझ्या जोडीनं बोलणारा तो जयराज भांडत हुतासा, त्या विहीर खणणाऱ्या म्हाताऱ्याच्या परदेशी सिनेमावरनं. तू त्याला असं कापलंस की मी मोठ्यानं हसलो. तुझ्या आईनं वायर ओढली आन आपल्या कानात घातली. मला वाटलं आता रडती. तर म्हणती कशी, "हा भाग मी मंगळवारीच ऐकला." म्हणजे बघ, ती माझ्यापास्नं चोरून ऐकत हुती आन मी तिच्यापास्नं. एका घोंगड्यावर झोपणारी दोन माणसं!

तवापास्नं एकेक वायर दोघांच्या कानात असती. त्या म्हाताऱ्याचं म्हणशील तर त्यानं खणायच्या आधी उंबर हुडकायला पाहिजे हुता. उंबर असला म्हंजी खाली पाणी असतंय. पण ते असू दे. सिनेमा न बघता निस्त्या तुझ्या सांगण्यावरनं मला ती विहीर दिसली. हे सोपं काम न्हाई. पाटलांना मी सांगितलं, माझी लेक कराडला दिवसा कॉलेजच्या ग्रंथालयात काम करती आन आईतवारी देशोदेशीच्या सिनेमावर बोलती, लोकं अमेरिकेतनं ऐकत्यात. पाटील म्हणलं, "अर्जुना, गेल्या साली तर तू म्हणत हुतास मला लेकच न्हाई." मी म्हणलं, गेल्या सालाचं गेल्या साली.

तर एकोणचाळिसाव्या भागाचं बोलू. 'खडकाळ' सिनेमाचा भाग. सिनेमाचे जाणकार म्हणून ते जड आवाजाचे साहेब पाहुणे हुते. चौतीस वर्सांमागचा सिनेमा, मुद्दाम काळापांढरा काढलेला, आन त्यातली ती नऊ मिनिटं. डोंगराचा उतार, थांबलेली मेंढरं, आन आपल्याकडं पाठ करून हुबा असलेला एक धनगर. नऊ मिनिटं कायसुदीक होत न्हाई. साहेब म्हणले, त्या माणसानं जगाकडं पाठ फिरवलीय, ह्यो समाजाचा निषेध हाय, डायरेक्टरनं सहा महिने इचार करून ह्यो शॉट बांधला. जयराज 'हो सर, हो सर' करत हुता.

आन तू म्हणलीस. मला पाठ झालंय, तसंच्या तसं लिवतो: "सर, तो रुसलेला नाही. फ्रेमच्या बाहेर, कॅमेऱ्याच्या अंगाला, एक मेंढी व्यायला बसली आहे. पहिलटकरीण. तिच्याकडे बघितलं तर ती बुजून उठते, म्हणून तो पाठ करून उभा आहे. त्याची मान बघा, कान मागे आहे. माझे वडील असेच उभे राहतात."

साहेब हसले. म्हणले, "बाई, घरची मेंढरं घरी ठेवा आणि सिनेमा वाचायला शिका."

आन चाळिसाव्या भागात तू माफी मागितलीस. "मी माझं घर सिनेमात घुसवलं, चुकलं," असं म्हणलीस. मी उतारावर हुतो. उभ्यानं वरडलो, "अगं माफी कशाची मागतीस!" सगळी मेंढरं बुजली, दोन तर पाटलांच्या हरभऱ्यात घुसली. त्या दिवसापास्नं माझ्या घशाखाली घास नीट उतरत न्हाई. तू साहेबाला भ्यालीस म्हणून न्हाई. तू बरोबर हुतीस आन तुला ते कुणी सांगितलं न्हाई म्हणून. आन सांगू शकंल असा माणूस सगळ्या मुलखात एकच हाय, आन तो तोंड शिवून बसलेला.

मधी च्या पिऊन आलो. उगंच एक चक्कर मारली, कोकरं बघितली. तुझी आई म्हणती, "झालं का लिवून?" म्हणलं, व्हय, होत आलं. झालं कुठलं! खरं तर आता कुठं सुरू होतंय.

शिवा, तो धनगर मी हाय.

मी तवा एकवीस वर्सांचा. ह्याच वाटंनं, दिवाळी करून, तुझ्या आज्यासंगं, कोंडीबासंगं चाललेलो. हितनं दोन कोसावर त्या सिनेमावाल्यांचा तळ पडला हुता. डायरेक्टर आज्याला म्हणले, तुमचं खांड द्या आन ह्यो गडी द्या. मला म्हणले, उतारानं वर चालायचं, खडकापाशी थांबायचं, मग वळून कॅमेऱ्याकडं बघायचं. एवढंच काम. मी सात दिवस आरशात बघून वळायची तालीम केली. मिशीला तेल लावलं. मला वाटलं, आता आपून हिरो.

त्या दिवशी वर चढलो, खडकापाशी थांबलो, आन वळणार तवर मागनं आवाज आला. बांडी म्हणून आमची एक मेंढी खाली कॅमेऱ्याच्या अंगाला बसली. पयलंच वेत हुतं तिचं. तुला ठावं हाय, पहिलटकरणीकडं बघायचं न्हाई. ती आन खांड ह्यांच्या मधी उभं राहायचं, तिच्याकडं पाठ करायची, कान तिकडं ठेवायचा. ती उठली आन खांडाकडं पळाली तर कोकराला टाकती. एकदा टाकलेलं परत जवळ घेत न्हाई. मी खांड हुतं तितं दाबून धरलं. खालनं डायरेक्टर वरडत्यात, "वळ! अरं वळ की!" मी काय वळलो न्हाई. सहा महिन्यांचा इचार म्हणं! त्यांचा इचार मी वळावं असा हुता. आवाज त्यांनी नंतर घातला, म्हणून मेंढी ऐकू येत न्हाई, न्हाईतर तिची आन डायरेक्टरची दोघांची बोंब सगळ्या जगानं ऐकली असती.

कोकरू उभं राहिलं, लुचायला लागलं, मग मी वळलो. काय वळलो म्हणून सांगू! तालमीपेक्षा झकास. सगळं दात दाखवून हसलो. कॅमेरावाल्यानं हात वर केला, रोल संपला हुता. डायरेक्टर टोपी आपटून निघून गेले. आमाला फुडच्या मुक्कामाला जायचं हुतं, दुसऱ्यांदा काय झालं न्हाई.

त्या साहेबाला पुरावा पाहिजे असंल तर त्या नऊ मिनिटांतला आमचा कुत्रा बघा म्हणावं. डाव्या अंगाला येऊन बसतो, आन सबंध वेळ माझ्याकडं न बघता कॅमेऱ्याच्या बाजूला खाली बघतो. कुत्र्याला ॲक्टिंग येत न्हाई.

मग सालभरानं सांगलीत सकाळच्या खेळाला ह्यो सिनेमा लागला. मी सगळ्यांना सांगून ठेवलं हुतं, मी हिरो हाय. टेम्पोतनं चौदा माणसं नेली, नवं फेटं बांधून. आन पडद्यावर काय, तर माझी पाठ! नऊ मिनिटं! आमच्यातलाच तानाजी मागनं वरडला, "अर्जुना, तुझं तोंड कुठाय रं? घरी इसरलास का?" सगळं थेटर हसलं. शेवटी नावं आली, त्यात 'स्थानिक धनगर' एवढंच. त्या दिवसापास्नं गावात माझं नाव पडलं, पाठमोऱ्या. जत्रंत, लगनात, बाजारात. एक दिवस तानाजीच्या डोक्यात काठी घातली, चार टाकं पडलं, तवा कुठं ते नाव मिटलं. तुझ्या आईला ती काठी ठावी हाय, काठीचं कारण ठावं न्हाई. आज वाचून दाखवल्यावर कळंल.

म्हणून सिनेमा म्हणलं की माझं डोकं फिरायचं. तू तलाठ्याची परीक्षा पास झालीस, मी गावभर पेढं वाटलं, आन तू म्हणलीस, नोकरी नको, सिनेमाच्या कोर्साला जाते. मला त्या थेटरातलं हसणं ऐकू आलं. मला वाटलं, आता हिला हसतील. तुला ह्यातलं काय ठावं असणार! तुला फकस्त बाप दिसला, दारात हुबा राहून बोलणारा. काय बोललो ते मी आजवर तुझ्या आईफुडं बी परत उच्चारलं न्हाई. म्हणलं हुतं, "जा, पण माझं नाव लावू नको."

तू ऐकलंस. तूच तेवढी माझं ऐकतीस. जयराज दर भागाला आडनावासकट आपलं नाव सांगतो, आन तू म्हणतीस, "मी शिवांजली," बस्स. बेचाळीस वेळा ऐकलं मी ते. दर वेळी वाटतं, आता फुडं काय तरी म्हणंल. दर वेळी तू तितंच थांबतीस आन मी मेंढरांना हाळी देतो, उगंच, कुणाला तरी वरडायचं म्हणून.

अजून एक सांगायचं राहिलंय, ते ध्यानात आलं तेच मुळी तुझ्यामुळं. त्या दिवशी सांगलीच्या थेटरात सगळं हसत हुतं तवा तुझा आजा माझ्या शेजारी बसला हुता. तो हसला न्हाई. पडद्याकडं बघत म्हणला, "बांडी व्यायली वाटतं. बरोबर हुबा हायस." मी रागात हुतो, कानावरनं गेलं. तो तळावर नव्हता त्या दिवशी, बाजाराला गेलेला. मेंढी त्या शॉटच्या वक्ताला व्यायली हे मी त्याला सांगितलं बी नव्हतं. निस्त्या माझ्या पाठीवरनं त्यानं ओळखलं. तुझ्या जन्माच्या आधी तो गेला. आन चौतीस वर्सांनी तू, त्याला न बघितलेली, तेच बोललीस. पंडित बघून गेले, परदेशातल्या लोकांनी बघितलं, बक्षिसं दिली. ती मेंढी दोनच माणसांना दिसली, एक माझा बाप आन एक माझी लेक. मला आता पाठमोऱ्या म्हणा, काय बी म्हणा. माझी छाती मावत न्हाई ह्या अंगरख्यात.

तर ऐक. तुमी दोघं दर भागात म्हणता ना, कागदावरचं पत्र पाठवा, वाचून दाखवू? हे वाच. तानाजीचं टाकं वगळ, तो बी ऐकतो. साहेबालाबी ऐकू दे. माफी मागितलीस ती परत घे, चूक आपली नसताना ती कुणाला देऊ नको. मी बी दारात बोललो त्या दिवसाची माझी चूक मान्य करतो, ते बी वाच, लाजू नको. आन त्या भागाच्या सुरवातीला नाव सांगशील तवा पुरं सांग. मी ऐकतोय.

तुझा आप्पा,
'खडकाळ'मधला स्थानिक धनगर,
शिवांजली अर्जुना गोरड हिचा बाप,
अर्जुना कोंडीबा गोरड