दोन जाहिराती आणि वीस पोरांची यादी

१ मे, सकाळ
आजपासून सासऱ्यांच्या भरती अकादमीचं ऑनलाइन खातं माझ्याकडे. सासरे म्हणजे रिटायर सुभेदार सयाजीमामा. इस्लामपुरात पोरांना सैन्यभरतीसाठी पळवतात. मैदान गावच्या शाळेचं. तिची अट अशी, की एक जूनला वीस नावांची यादी दिली तरच मैदान मिळणार. नाहीतर अकादमी बंद. सध्या अकरा आहेत. मामांचं जेवणात लक्ष नाही. मी सांगितलं, निवांत राहा, पुण्यात तीन वर्षं मार्केटिंग केलंय.
(दीड वर्ष. पण अनुभव तीन वर्षांचा.)

३ मे
गुगलवर कोणी 'भरती अकादमी' शोधलं, की दोन जाहिराती आलटूनपालटून दिसणार. अ माझी: 'वर्दीचं स्वप्न, आमची साथ!' ब मामांची: 'रोज दहा किलोमीटर. रडणाऱ्यांनी येऊ नये.' जिला जास्त क्लिक, ती ठेवायची. ब दोन दिवसांत मरेल. मामांना थेट नाही म्हणवत नाही, म्हणून टेस्टिंग.
दोन्हीकडच्या फॅमिली ग्रुपवर टाकलं, शोधून बघा म्हणून.

६ मे
अ पुढे! २१२ विरुद्ध ९७. अंकिताला ग्राफ दाखवला. बायको असूनही विचारते, फोन किती आले? तिला फनेल कळत नाही. आधी क्लिक, मग विश्वास, मग फोन.
फोन शून्य.

११ मे
ब अचानक पुढे. माझ्या जाहिरातीला आणखी एक उद्गारचिन्ह लावलं. दर क्लिकला गुगल पैसे कापतं, त्यामुळे दिवसाचं बजेट दुपारी बारालाच संपतं. संध्याकाळी पोरं मोबाईल घेऊन बसतात तेव्हा जाहिरात बंद. लोकप्रियतेचा त्रास असतो.
संकल्प: उद्यापासून पाचला उठून आकडे बघणार.

१२ मे, साडेनऊ
उठलो.

१९ मे
मलकापूरहून बाळासोकाकांचा फोन. वाटलं, ॲडमिशन. काका म्हणाले, "काळजी करू नगंस गड्या. आपली भावकी रोज तुझ्याच जाहिरातीवर बोट दाबतीया. त्येंची आली तर परत शोधायचं, आपली येईपतोर." पाळ्या लावल्यात म्हणे.
अंकिताला विचारलं. तिच्या माहेरचे सगळे ब दाबतात. आबा, म्हणजे मामा, हरलेले त्यांना बघवणार नाहीत म्हणाली.
म्हणजे सगळे क्लिक पाहुण्यांचे. सर्वांत तरुण उमेदवार चंद्राबाई आत्या, वय बासष्ट.
लाज वाटली. तरी एंगेजमेंट उत्तम आहे.

२३ मे
दोन्ही ग्रुपवर हात जोडले, कोणी दाबू नका. दोन्हीकडे वाटलं, हा समोरच्यांचा डाव. क्लिक दुप्पट वेगानं, बजेट आता सकाळी नऊलाच साफ.

३१ मे
सासूबाई, हरणाबाई, चार दिवस डेअरीवर दूध घालायला आलेल्या बायकांशी बोलत होत्या. आठ पोरं आली. एकूण एकोणीस. मामा यादीकडे बघत बसले. मला ओरडले असते तर बरं झालं असतं. मग पेन मागितलं आणि विसावं नाव लिहिलं: जयराज.
मी म्हणालो, मामा, माझं वय चौतीस.
म्हणाले, "भरतीला न्हाई चालत. मैदानाला चालतंय."

१ जून, संध्याकाळी पावणेसात
मैदान मिळालं. पोरं तिसऱ्या फेरीत, मी पहिल्याच फेरीत नळापाशी बसलेलो. मामा चालत आले. वाटलं, पाठ थोपटतील.
"उठा पाव्हणं," म्हणाले. "बॅच सा म्हयन्यांची हाय."