झाडाच्या बुंध्यावरची रानकोंबडी

बाबा, तुम्ही गेल्यावर विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला लोक एकामागून एक उभे राहून बोलत होते की गुरुजींच्या शाळेला तपासणीत कधी खालचा शेरा मिळाला नाही, आणि मी भिंतीला टेकून बसले होते. मला रडू आलं नाही. बायकांना वाटलं, पोरीला धक्का बसला. धक्का कसला, मला बरं वाटत होतं. हे आजवर कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते, कारण आता तुम्ही उठून माझा कान पिळू शकत नाही.

मीही मास्तरीणच झाले. चामोर्शीच्या पुढे, धानाच्या बांध्यांच्या कडेला दोन शिक्षकांची शाळा आहे. शाळेला टॅब आले. पोरांना खेळता खेळता गणित यावं म्हणून एखादी चांगली वेबसाइट निवडायची, सुरक्षित हवी, मजेची हवी, आणि हे काम माझ्या गळ्यात पडलं. तुम्ही असता तर म्हणाला असतात, ‘खेळ? शाळेत? काऊन, घरी माकडचाळे कमी पडून राह्यले का?’ शाळा सुटली की मी आणि माझी लेक स्वयंपाकघरात बसून एकेक साइट तपासायचो. ती माझ्याच वर्गात आहे, दुसरीत. तिला आकडे जमत नाहीत, माझ्यावर गेली आहे. एका साइटवर वजाबाकीच्या मधोमध पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात उघडली. दुसरीने खेळ सुरू व्हायच्या आधीच पोरीचं नाव, गाव, फोटो मागितला. तिसरीवर मुलांनी आपसात गप्पा माराव्यात म्हणून चौकट होती. मी लहान मुलगी असल्याचं सोंग घेऊन तिथे बसले, तर जरा वेळाने कोणीतरी विचारलं, घरी कोण कोण आहे. मी टॅब पालथा ठेवला आणि हात धुऊन आले. आणखी एकीवर उत्तर चुकलं की गाढव ओरडायचं. लेक गाढवासाठी मुद्दाम चुकायला लागली, म्हणून तीही बाद केली.

शेवटी एक सापडली. मराठीतली, जाहिरात नाही, नाव-गाव विचारणं नाही. प्रत्येक पोराने आपलं एक जनावर निवडायचं आणि उत्तरं देत देत झाडावर चढायचं. चुकलं तर खेळातली खार म्हणते, ‘पुन्हा बघू या.’ माझ्या लेकीने रानकोंबडी घेतली. खारीचा आवाज ऐकून ती मला म्हणाली, ‘आई, हे रागावत नाई वो.’ माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत तेल घालून सगळं बघितलं होतं मी, बाहेरून कोण घुसू शकतो ते. शिक्षकांसाठीचं पान मात्र उघडून पाहिलं नव्हतं. तिथे वर्गाची सगळी जनावरं एकाच झाडावर दिसतात, कोण शेंड्यावर, कोण बुंध्यावर, आणि प्रत्येक जनावराशेजारी एक बटण आहे. ते दाबलं की जनावर झाडावरून नाहीसं होतं. वर्गाचा निकाल मग त्याच्याशिवाय लागतो.

ते बटण आमच्या मुख्याध्यापकांना आधी दिसलं. ‘म्याडम, तपासणीचे साहेब येऊन राह्यले. खालची चार-दोन जनावरं लपवून टाका ना. कोणाले काय समजते?’ ते हसून बोलत होते, आणि मला तुमचा आवाज ऐकू येत होता. तपासणीच्या आदल्या दिवशी तुम्ही वर्गावरून नजर फिरवायचे आणि बोट दाखवायचे. ‘तू, तू, अन् तू. उद्या सरपण आणाले जायचं. दुपारवरी गावात दिसले तं पाय तोडीन.’ ती सगळी कच्ची पोरं. ज्या जंगलात अस्वलांच्या भीतीने मोठी माणसं एकटी जात नव्हती, तिथे तुम्ही पाटीवरचं न येणाऱ्यांना पाठवत होता. तुमच्या हिशोबात अस्वल परवडत होतं, साहेब परवडत नव्हता. आणि एका वर्षी ते बोट माझ्यावर येऊन थांबलं. घरी मी विचारलं, ‘बाबा, मी तं तुमची पोरगी आहो.’ तुम्ही जेवत होता. वर न बघता म्हणालात, ‘म्हणूनच. तू चुकली तं माही इज्जत जाते.’ विहारात मात्र तुम्ही उभं राहून सांगायचात, आपल्या माणसानं आता मागं राहाचं नाई. मागे राहणाऱ्याचं तुम्ही काय करता, ते तिथे कोणी विचारलं नाही. आम्ही कच्ची पोरं पळसाखाली बसून बोरं खात होतो, वाळलं पान वाजलं की एकमेकांना बिलगत होतो, आणि तिकडे तुमच्या शाळेला चांगला शेरा मिळत होता.

म्हणून मी बटण दाबलं नाही. मला तुमच्या नाकावर टिच्चून सगळी जनावरं झाडावर ठेवायची होती. साहेब आले, प्रोजेक्टरने भिंतीवर झाड दिसलं, सगळ्या जनावरांसकट. साहेबांनी सगळ्यात खाली छडी टेकवली. ‘ही कोंबडी कोणाची? अंड्यावर बसली का?’ पोरं हसली. मुख्याध्यापक म्हणाले, ‘म्याडमचीच पोरगी आहे साहेब,’ आणि मग साहेबही हसले. ‘म्याडम, घरचंच पोर शिकत नाई तुमचं, बाकीच्याइचं काय सांगता?’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेक पहिल्या ओळीत बसली होती, स्वतःच्या चपलांकडे बघत.

संध्याकाळी मी वांग्याची भाजी टाकली होती. ती मागून आली आणि माझा पदर धरून म्हणाली, ‘आई, मले लपव ना. ते बटण दाब. मंग तुले कोणी हासणार नाई.’ तिच्या आवाजात रडं नव्हतं. शहाणपण होतं, आणि मला त्याचीच भीती वाटली. कारण त्याच्या पुढच्या वर्षी तुमचं बोट उठायच्या आधीच मी दोर घेऊन जंगलात निघून गेले होते. परत आले तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात, क्रीमच्या बिस्किटांचा पुडा दिलात आणि म्हणालात, ‘शहाणी झाली माही पोरगी.’ तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवल्याची मला तेवढीच आठवण आहे. तो पुडा मी कोणाला न देता एकटीने खाल्ला, आणि किती गोड लागला होता ते अजून आठवतं. त्याचा राग मला तुमच्या छडीपेक्षा जास्त येतो.

मी लेकीला जवळ घेतलं. नाही लपवणार, म्हणाले. तिला ते खरं वाटलं असावं, कारण ती टॅब घेऊन खारीशी बोलायला गेली. हा कागद आता पिठाच्या डब्याखाली ठेवते. तो तुम्हाला पोचणार नाही, हे बरंच आहे. तुम्ही पोरांच्या चेहऱ्यावरून सगळं ओळखायचे. तुम्ही लगेच विचारलं असतं की ती पदर धरून उभी असताना ‘नाही’ म्हणायच्या आधी मी भाजी का ढवळत राहिले. साहेबांची पुढची फेरी कधी आहे, ते मी आठवत होते.