रविवारी न्यायची गाडी

९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

इतके महिने तुला काही लिहिलं नाही, माफ कर. हे पत्रही पाठवेनच असं नाही.

बाबांच्या जुन्या मोटरसायकलचा पुढचा फोर्क अडकत होता. हँडल दाबलं की खाली बसायचा आणि वर यायचं नावच घ्यायचा नाही. मी तेल बदललं, सील बदलले, तरी तेच. "दादाने हात लावला असता तर एव्हाना गाडी पळाली असती," बाबा पायरीवर बसून रोज सुनावायचे. चूक आज सापडली. चाक बसवताना मी खालचा बोल्ट आधीच आवळत होते, त्यामुळे फोर्कचे दोन्ही दांडे आत ओढले जायचे. बोल्ट सैल केला, गाडी दाबून दाबून दांडे आपोआप सरळ होऊ दिले, मग आवळला. फोर्क अलगद वर आला.

बाबा खूश होऊन म्हणाले, "दादाला कळव, तुझी गाडी तयार आहे. रविवारी येऊन घेऊन जा म्हणावं."

मी "बरं" म्हटलं. ते आत गेल्यावर मी दांडे आत ओढून बोल्ट पुन्हा चुकीचा आवळायला बसले. तुझ्या हातातही गाडी अडकावी, एवढंच मनात होतं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि सगळं नीट केलं. जळफळाट मात्र गेला नाही. तू गाडी कधी मागितली नाहीस, तरी ती तुझी झाली. मीही कधी मागितली नाही.

तुझी,
धाकटी

उद्याचं काम: सकाळीच बाबांना सांगणे, गाडी मला हवी आहे.