वैरुशच्या दाढीवाल्याची शेवटची वाटणी

मी, वेनांसिउ एश्तेवश, राहणार वैरुश, धंदा जोडे शिवण्याचा, वय पन्नासला टेकलेले, शुद्धीवर असून आणि कोणीही भरीस घातलेले नसताना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुरुवारी लिस्बनच्या इस्पितळात माझ्या पोटातली गाठ कापणार आहेत. परत येणे न येणे देवाच्या हाती. माझे शिक्षण गावच्या शाळेतले आहे. वकिलांनी भाषा सांभाळून घ्यावी.

पहिले. वैरुश येथील किल्ल्याच्या भिंतीलगतचे माझे घर, मागच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडासह, मी माझी एकुलती एक मुलगी देओलिंदा हिला देतो. तिच्यामागून ते तिची मुलगी लुझिया हिचे. लुझियाच्या आईबापाचे लग्न झालेले नाही, ही गोष्ट वाटणीच्या आड येऊ नये. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ती आड आणणारा आजपर्यंत मीच होतो.

दुसरे. माझी विधवा बहीण पेर्पेतुआ हिला खालची खोली आणि चूल हयातभर वापरता यावी. साखरेच्या डब्यातले पैसेही तिचेच. अट एकच, दारात आलेल्या माणसाला तिने आत येऊ द्यावे. तिला कोणी घराबाहेर काढू नये. ती दुष्ट नाही. मी बसल्या जागेवरून करू दिले तेच तिने केले.

काय केले ते लिहिणे भाग आहे, आणि त्यासाठी आधी दाढीचे सांगितले पाहिजे.

आमच्या गावात सांगतात की फार पूर्वी इथे एक जोडे शिवणारा होता. त्याची मुलगी इनेश. पुढे राजा झालेल्या जुआंवपासून तिला लग्नावाचून मुलगा झाला. बापाला इतकी लाज वाटली की त्याने पुन्हा दाढीला वस्तरा लावला नाही आणि मुलीचे तोंडही पाहिले नाही. लोक त्याला बार्बादांव म्हणू लागले, म्हणजे मोठा दाढीवाला. तिचा तो मुलगा अफोंसु ब्रागांसाचा पहिला सरदार झाला. त्याच्या वंशजांनी पुढे स्पेनच्या राजाकडून गादी परत घेतली. गादीवर आलेल्या पहिल्याने आपला मुकुट विला विसोझाच्या चर्चमधल्या मातेच्या मूर्तीला वाहिला, आणि त्यानंतर त्या घराण्यातल्या कोणत्याही राजाने तो डोक्यावर घातला नाही. शेवटचा तरुण राजा बोटीत बसून देशाबाहेर गेला, तेव्हा माझे वडील मेल्यासारखे तीन दिवस अंथरुणात पडून होते.

कारण आम्ही स्वतःला त्या दाढीवाल्याचे वंशज समजतो. कागद नाही, पुरावा नाही. पण बाप वारला की थोरल्या मुलाने वस्तरा टाकायचा आणि डिसेंबरात मातेच्या मिरवणुकीत मूर्तीच्या मागे पहिल्या ओळीत चालायचे, ही घरची रीत. राजा विला विसोझाला शिकारीला आला असता माझे वडील नवे बूट घेऊन चालत गेले होते. राजवाड्याच्या स्वयंपाकघराच्या दाराशी कोणीतरी बूट घेतले आणि त्यांना वाटीभर सूप दिले. ते मरेपर्यंत सांगत राहिले, "आपण राजवाड्यात जेवलो." मी तेव्हा मान वर करून ऐकायचो.

आता ईस्टरचे. देओलिंदा तान्ह्या पोरीला घेऊन शेजारच्या एश्त्रेमोश गावाहून आली. पेर्पेतुआ दारात उभी राहिली.

"या घरातून राजे निघालेत," ती म्हणाली. "आणि तू हे काय घेऊन आलीस?"

"आत्या, राजे ज्या पोरापासून निघाले तेही असंच पोर होतं," देओलिंदा म्हणाली. "बाबांना विचार. त्यांना सगळा वंश पाठ आहे."

मी पडद्याआड तोंडात खिळे धरून बसलो होतो. तिने हाक मारली नाही, वाट पाहिली. मी बुटात एक खिळा ठोकला. तो आवाज तिने ऐकला आणि गेली.

त्या संध्याकाळी दारूच्या दुकानात खेचरवाला बाल्ताझार सगळ्यांसमोर म्हणाला, "वेनांसिउ मेस्त्री, आजवर उसनी होती, आता तुमची दाढी खरी झाली." सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन प्रार्थनेला बसलो तेव्हा उमगले. ज्या बापाने लाजेने पोरीला टाकले त्याची लाज आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तोंडावर मिरवली आणि तिला मान म्हटले. आमच्या गर्वाचे मूळ तेच पोर होते, आणि तसेच पोर दारात आले तेव्हा मी खिळा ठोकला.

तिसरे. मिरवणुकीतली माझी जागा मी चर्चला परत करतो. तिथे कोणीही चालावे. माझी इच्छा विचाराल तर ज्यांना मागे ठेवतात अशा बायांनी.

चौथे. कातडे कापायची रापी, भोके पाडायची आरी आणि शिलाईचे यंत्र बाल्ताझारच्या भाच्याला. तो हाताचा चांगला आहे, जिभेचा मामावर गेला आहे. लाकडी साचेही त्यालाच, एक सोडून. जमीनदाराच्या धाकट्या मुलाच्या पायाचा साचा निराळा ठेवला आहे. त्याचे बूट मीच शिवले, लुझिया आपली नव्हेच म्हणून त्याने हात झटकले तेव्हाही त्याच्या पायात माझेच बूट होते. तो साचा चुलीत घालून लुझियाच्या अंघोळीचे पाणी तापवावे. हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, पण खोडत नाही.

पाचवे. हे मी एश्त्रेमोश येथे, देओलिंदाच्या खोलीसमोरच्या न्हाव्याच्या दुकानात बसून लिहीत आहे. सकाळी झेफेरिनु न्हाव्याने माझी दाढी काढली. तो म्हणाला, "मेस्त्री, खाली कातडं दुधासारखं आहे. उन्हानं कधी बघितलंच नाही." मला भर बाजारात उघडे पडल्यासारखे वाटले. देओलिंदाने दार उघडलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. तिने माझ्या दारात वाट पाहिली, आता मी तिच्या दारासमोर पाहीन. ती आली नाही तर हा कागद झेफेरिनुने तिला द्यावा.

इथवर लिहून सही करणार तोच ती आली. झेफेरिनुच्या बायकोने बोलावले होते. कडेवर पोर, हात साबणाचे. तिने दुकानभर पाहिले.

"झेफेरिनु काका, बाबा आलेत म्हणे. कुठं गेले?"

मी समोरच बसलो होतो. तिच्या जन्माआधीपासून ही दाढी होती, तिने माझा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.  मला खेचरावरून इथवर घेऊन आलेल्या बाल्ताझारने शेवटी बोटाने दाखवले.

ती जवळ आली. मग पोरीची हनुवटी धरून माझ्याकडे वळवली. "आणि मी विचार करत होते ही कुणावर गेली." हसली नाही. मी घराविषयी सांगू लागलो तर म्हणाली, "घराचं नंतर. इस्पितळात सोबत कोण येतंय?"

"कोणी नाही."

"आत्याला कळवलंय?"

"नाही."

"मग मी येते. पोर घेऊनच येईन, लोक बघतील. चालेल?"

मी चालेल म्हणालो. हेही मृत्युपत्रात धरावे.

सहावे आणि शेवटचे. मी लिस्बनला वारलो तर मला कुठे पुरायचे ते देओलिंदाने ठरवावे. वैरुशलाच न्यावे असा आग्रह नाही.

साक्षीदार: झेफेरिनु काल्देइरा, न्हावी (सही)
बाल्ताझार काएइरु, खेचरवाला (लिहिता येत नाही, अंगठा)

लिहून देणार: वेनांसिउ एश्तेवश (सही)

स्थळ एश्त्रेमोश, मंगळवार, १३ ऑक्टोबर १९३१