मागून न मारलेली हाक

बाबा,

काल एडिनबरोला आपल्या जुन्या जिन्याशी जाऊन आले. दोन इमारतींच्या पोटातून खाली उतरणारा, वर दगडी छत, भर दुपारीही दिवा लावावा लागणारा तो जिना. आता तिथे टूरिस्टांना भुतांच्या गोष्टी सांगतात. गाइडनं कुठल्याशा बाईचं भूत सांगितलं, लोक हसले. मला मात्र तुमचे बूट ऐकू आले, पाच पायऱ्या उतरून थांबलेले.

निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हा आईचा नियम. बाकी सगळं गावी सोडून ती स्कॉटलंडला आली, हा मात्र सामानात बांधून आणला. चुकून कुणी हाक मारलीच तर तुम्ही परत यायचात, बूट काढून बसायचात, दोन घोट पाणी पिऊन नव्यानं निघायचात. "लाव उशीर. पोस्टाच्या सॉर्टिंग ऑफिसात आता तूच सांग," असं मला कुरकुरत म्हणायचात, पण पाणी प्यायचातच.

त्र्याऐंशीचा जानेवारी. मी चौदा वर्षांची, सकाळी दूध घेऊन वर आलेय. जिन्याच्या वळणावर पाइप फुटलाय, पायऱ्यांवर नुसता बर्फ. तुम्ही मफलर गुंडाळताय. आदल्या संध्याकाळी स्कूल डिस्कोला नाही म्हणालात, म्हणून माझा अबोला. "अजून फुगलेलीच का?" तुम्ही विचारता. मी बाटली टेबलावर ठेवते. तुम्ही बाहेर पडता, पाच पायऱ्या उतरून थांबता, बहुतेक किल्ल्या चाचपायला. मी दारात उभी आहे, गप्प. मग तुम्ही वळणाआड जाता.

त्या वळणावर तुम्ही पडलात आणि तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच गेलात. मी आईला म्हणाले, "बर्फ मला दिसला होता गं. पण मागून हाक मारायची नाही ना?" तिनं मला जवळ घेतलं. "माझंच चुकलं, बाळा," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती निघालेल्या प्रत्येकाला मागून हाक मारायची. मी कॉलेजला निघाले तरी, पोस्टमन वळला तरी, काहीबाही विचारून थांबवायची. बारा वर्षांनी ती गेली, तोवर तिनं ते ओझं वाहिलं.

बाबा, त्या वेळी मला नियम आठवलाही नव्हता. पडू देत एकदा, असं मनात आलं होतं. नियम मी नंतर हॉस्पिटलच्या बाकावर शोधून काढला. हे पत्र आता कुठे टाकू? तुमच्या ऑफिसातही ते बिनपत्त्याच्या खणातच पडलं असतं. आईला तोंडानं सांगायला मला बारा वर्षं मिळाली होती.