आजोबांवर गेलेली नात

आबा, तुमच्या माघारी तुमच्या नावावर काय काय खपवलं जातंय, ते तुम्हाला कळायलाच हवं. माझी लेक, तुमची नात, चार वर्षांची झाली. अजून एक शब्द बोलत नाही. हाक मारली तर वळून बघत नाही, पंख्याकडे मात्र तासन्‌तास बघत बसते. आणि आई भेटेल त्याला एकच सांगते, "आजोबावर गेली हाय. ते बी पाच वर्षांचे होईस्तोवर बोलले नव्हते." की झालं! शेजारीण, अंगणवाडीतल्या बाई, सगळ्यांचे चेहरे उजळतात. नवराही म्हणतो, बघ, घराण्यातच आहे, उगाच डॉक्टरांच्या मागे लागू नकोस.

तुम्ही आणि उशिरा बोलायला लागलात? पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये तुम्ही द्राक्षांच्या पेट्या भरून घ्यायचात आणि शाळा सुटली की मी तिथे येऊन बसायचे, तेव्हा तुमचा आवाज गेटपर्यंत ऐकू यायचा. टेम्पोवाले, घड साफ करणाऱ्या बायका, कुणाला म्हणून सोडायचा नाहीत. एकदा मी फुगून बसले होते तर सगळ्यांसमोर ओरडलात, "तोंड उघड की! बोलल्याबिगर मला कसं कळणार?" आता लेक भिंतीवर डोकं आपटायला लागते तेव्हा मीही तिला हेच ओरडते, आणि मग माझा मलाच राग येतो.

आईचे उपाय तर विचारूच नका. पोपटाने टोचलेलं फळ खाल्लं की मूल बोलतं म्हणे. म्हणून निफाडला भावाच्या बागेत तिने एक घड मुद्दाम जाळीबाहेर ठेवायला लावला. अख्खा गाव पाखरं हाकलतोय आणि आमच्याकडे पाखरांना आमंत्रण! टोचलेले मणी डब्यात भरून नाशिकला आमच्या घरी आले. लेकीने ते फरशीवर ओळीत मांडले, खाल्ला एकही नाही.

शेवटी सगळ्यांशी भांडून मी मुलांच्या वाढीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ती मिळायलाच कितीतरी महिने गेले. कानांची तपासणी मूल झोपलेलं असताना करतात, म्हणून पहाटेपासून तिला जागं ठेवा, असं त्यांनी बजावलं होतं. मी तिला गच्चीवर फिरवलं, डोळे मिटायला लागली की तोंडावर पाणी मारलं. मी आंघोळीला गेले तेवढ्यात आईने थोपटून निजवली. वर मलाच दम, "निजल्या लेकराला उठवू नाय!" दवाखान्यात पोचलो तेव्हा पोरगी टक्क जागी. डोक्याला एकही वायर लावू देईना. तपासणी राहिली ती राहिलीच. घरात आणखी कुणाला असं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं आणि आईने तुमची गोष्ट सुरू केली, अगदी रंगवून. डॉक्टर म्हणाल्या, मग अजून काही महिने थांबून बघूया.

रिक्षात मी विचारलं, "आई, आबा खरंच पाच वर्षं बोलले नव्हते?"

ती बाहेर बघत म्हणाली, "मला काय ठाव? मी काय तवा होते का? लोक पोरीला येडी म्हणाया लागले, म्हणून म्हणलं. गेलेल्या माणसाला कोण इचाराया जातंय?"

माझा नुसता संताप झाला. तिच्यावर ओरडले, रिक्षावाला मागे वळून बघायला लागला. ती लेकीला पदराखाली घेऊन बसून राहिली. तिला नातीला लोकांपासून वाचवायचं होतं, कळतं मला. पण त्यात पोरीचं वय चाललंय, हे तिला कसं सांगायचं?

मग मी एकटीच लेकीला घेऊन परत गेले आणि डॉक्टरांना खरं ते सांगितलं. लेक वेळेवर झोपली. कान उत्तम आहेत. बाकीच्याही तपासण्या झाल्या, आणि काल डॉक्टरांनी समोर बसवून स्पष्ट सांगितलं, ऑटिझम आहे. थेरपी सोमवारपासून.

आबा, एक गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, आईला तर नाहीच. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचंच नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तो शब्द ऐकला तेव्हा मला आनंद झाला. रडू नंतर आलं.